भेटले काय थे?

इतवारी एकच्या सिनेमात
शहरातली पोट्टी गावात येते,
इहिरीचं पानी ओंजळीनं पिते
अन् म्हनते, अय्या, किती गोड!
मी म्हनलं, बाई, दर्यापूरकडं ये एकडाव.
आमच्या खारपानात चहातलं दूध बी फाटते,
मंग पाहू तुह्ये नखरे.

मायं मत इचारसान त
पिरेमावर मायी हरकत नाई.
हरकत बाकीच्यावर हाये.
तिच्या घरी मिरचीची फोडनी पडते
अन् कोनाले ठसका लागत नाई.
थो दिसभर टॅक्टर चालवते
अन् बनियनवर ग्रीसचा डाग नाई.
भांडाले लागले की दोघायले बी टाइमच टाइम,
कोनाचं दूध उतू जात नाई,
दारात कोनी दयन घेऊन उभं नाई.
अन् थे रुसून निंगाली की लगेच यष्टी!
आमच्या फाट्यावर चारची गेली की सातची,
थे बी आली त आली.
तीन घंटे लिंबाखाली बसलं
की कोनताबी राग उतरते बाप्पा.
भूक लागते, मानूस घरी वापस येते.
किती संसार टिकले असे आमच्या गावात,
महामंडळाले कोनी हार नाई घातला.

बेबीनंदा बसते माया बाजूले.
थे खुशाल रडते, नाकाले पदर लावून.
तिचा नवरा पुन्याले कंपनीत,
पोयाले येते, मंग दिवाळीले.
तिले मी काई म्हनत नाई.

शेवटाले पाऊस. पाइपातला.
मांगच्या झाडाचं पान कोरडं
अन् पुढं हे दोघं चिंब,
थो म्हनते, मी तुह्याबिगर जगू शकत नाई.
येवढं लंबं वाक्य
आमच्या घरात सव्वीस वर्सात कोनी बोललं नाई.
आमचे हे जेवताना बोलले त एकच,
'मीठ.'

एकडाव मात्र पटलं मले.
मांगच्या महिन्यात. सिनेमा असाच,
नाव बी ध्यानात नाई.
थे मंदिरात गेली, थो बाहीर उभा, वैशाखाचं ऊन.
कोनाचं ध्यान नाई असं पाहून
थ्यानं पायाच्या बोटानं
तिची चप्पल सावलीत सरकवली.
बस. ना बाजा, ना काई.
मी उठून बसली.
म्हनलं, हे कोनीतरी कुठंतरी पाह्यलं असन,
हे खुर्चीत बसून सुचत नाई.
मंग दारातली मायी चप्पल पाह्यली.
उन्हातच होती.

तेवढ्यात लाइन गेली.
चक्कीचा पट्टा फडफडून थांबला
अन् हे आले आंगनातून,
पापन्यायवर पीठ, कानात पीठ,
म्हनले, भेटले काय थे?
दर इतवारी हाच सवाल.
पाहत नाईत कधी,
चक्कीपुढं आयकू बी येत नाई,
पन निकाल पाह्यजे.

मी म्हनलं, नाई. तिचं दुसरीकडं जमलं.
काऊन बोलली असं, मले नाई मालूम.
थे उभेच.
'असं कसं?'
'असंच असते.'
'पन थो पोट्टा...'
पुढं नाई बोलले.
माठातलं पानी गिलासात घेतलं,
पेले नाई, तसंच ठेवलं.

लाइन आली तवा टीवीवर बातम्या होत्या.
चक्की पुन्हा सुरू झाली,
आधी पोलीस पाटलाची ज्वारी,
मंग अनुसयाबाईचे गहू.
अन् अर्ध्या पायलीत पट्टा थांबला,
लाइन असून थांबला.
दारातून पांढरं डोकं आत आलं:
'पंचफुला,
तू शेवटपावतर पाह्यलं होतं ना?
पक्कं?'